आहेराची घागर

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या दुष्काळात नांदेडच्या शेषेरावनं लातूरच्या साडूच्या पोराच्या लग्नात आहेर म्हणून पितळी घागर दिली होती. “घ्या साडूभाऊ, रेल्वे आली की लावा नंबर,” असं तो म्हणाला, तेव्हा सारा मांडव हसला होता. आज तीच घागर घेऊन साडू नांदेडला आला. “नवं घर बांधलंय. वास्तुशांतीला तुमच्या गंगेचं पाणी पायजे.” शेषेराव त्याला ऐटीत गोदावरीच्या घाटावर घेऊन गेला. साडू पायरीवरच थबकला. “कुणाचं रान हाय हे? लई हिरवंगार दिसायलंय.” “रान न्हाई, जलपर्णी हाय,” शेषेराव करवादला. त्यानं ती बाजूला सारून घागर बुडवली, तर आत गटाराचं काळं पाणी आलं. चिडून त्यानं साऱ्या गावाला शिव्या हासडल्या. साडूनं घागर ओतून त्याच्याच हातात दिली. “ठिवा तुमच्यापाशीच. आता तुमचा नंबर.”