टाकीतला उखाणा

"नाना, उखाणा घ्या!" मळीच्या टाकीच्या तोंडाशी दोरी धरून बसलेली इंदू ओरडली. आत उतरलेल्या माणसाला दर पाच मिनिटांनी बोलतं करायचं, हा साखर कारखान्याचा नियम. उखाण्याची भर तिची.

"खराट्यानं मळी काढतो खरडून, शेवंताचं नाव घेतो टाकीतून ओरडून!" दगडूनाना आतून करवादले. "तीस वर्षं टाक्या धुतोय, नवरा मुलगा वाटलो काय?"

पुढच्या खेपेला आवाज जड आला. "खराट्यानं मळी... खरडून... तिचं नाव काय गं?"

इंदू हसली नाही. "वायू साचलाय, ओढा!" टाकीपाशी उभ्या तिघा कामगारांनी दोरीला हात घातला.

मोकळ्या हवेत बऱ्याच वेळानं नानांनी डोळे उघडले. "शेवंता!" म्हणाले, आणि हळूच, "पोरी, विसरलो ते घरी सांगू नकोस. ती मला परत टाकीत उतरवेल, तेही दोरीशिवाय."