पुढचा ब्रेक

“नवी सायकल कशाला? पुढचा शॉकअप नि ब्रेक बदलले की हीच आणखी दहा वर्षं धावेल. चालवून तर बघ!” असं म्हणत श्रीनिवासने यवतेश्वर घाटाच्या माथ्यावर आपली जुनी माउंटन बाइक बायकोच्या हातात दिली. वृंदाच्या मते ती कधीच भंगारात जायला हवी होती. तरीही ती इरेला पेटून सायकलवर बसली आणि उताराला लागली. तिची सायकल घेऊन तो मागोमाग निघाला.

पहिल्याच वळणावर ‘कट्’ असा आवाज आला. श्रीनिवासने वेग वाढवून तिला गाठलं. हँडलजवळ वरच्या दांडीला तडा गेला होता. वृंदाने पुढचा ब्रेक दाबला की तो तडा आ वासायचा. पुढे अवघड वळण होतं आणि त्यापलीकडे दरी.

तो ओरडला असता, तर घाबरून तिने दोन्ही ब्रेक करकचून आवळले असते. त्याने आवाज शक्य तितका शांत ठेवला. “वृंदा, पुढचा ब्रेक सोड. फक्त मागचा दाब, हळूहळू.”

“का रे?”

“आधी सोड.”

तिने सोडला. सायकल डुगडुगत कठड्याजवळ थांबली. वृंदा उतरली, सायकल हातातून निसटून आडवी झाली आणि दांडी मोडलीच.

श्रीनिवास रस्त्यातच खाली बसला. “नवीनच घेऊ,” तो कसाबसा म्हणाला.

वृंदाचे डोळे भरून आले होते. “दर रविवारी हा घाट तू एकटाच उतरतोस,” ती म्हणाली. “तुला कोण सांगणार होतं रे?”