आभारप्रदर्शन

घोटीच्या लाभार्थी मेळाव्यात झुंबरबाईला मंचावर बोलावलं, तेव्हा कॅमेरे सज्ज होते. सरकारी गॅस मिळाल्याबद्दल तिने आभार मानायचे होते. अधिकाऱ्याने सकाळीच वाक्यं पाठ करून घेतली होती. माइक हातात घेऊन तिने समोरच्या बायकांकडे पाहिलं. "शेगडी झकास हाय," ती म्हणाली, "पण टाकी भरायला परवडत नाय. सैपाक चुलीवरच व्हतो." अधिकारी तिच्या कानाशी कुजबुजला, "मावशी, फुकट मिळालंय, निदान आभार तरी माना." झुंबरबाईचं डोकं सणकलं. "फुकट? साबण, तेल, पोरांच्या चपला, सगळ्यावर टॅक्स आम्हीबी भरतो. आमचे आभार कोण मानतं?" माइक बंद झाला. तिने तो अधिकाऱ्याच्या हातात दिला, पदर खोचला आणि बाजारात भाजी विकताना लावायची तो आवाज लावला, "तर मी काय सांगत व्हते, बायांनो..." मागच्या बायका खुर्च्यांसकट पुढे सरकल्या.