जेवणघराचं दार

जेवणघराच्या दारात ठणकन आवाज झाला. आई कपाळ धरून मटकन खाली बसली, ती थेट रंगाच्या डब्यावर. डब्याचं झाकण घट्ट होतं म्हणून बरं.

"लागलं का हो फार, बाई?" चौकट खरवडत बसलेल्या म्हाताऱ्या रंगाऱ्यानं विचारलं. "'डोकं सांभाळा' अशी पाटी केलीय मी. तिकडे वाळत घातलीय."

मुलाला हसू आवरेना. त्याचंही टाळकं मघाशी इंजिनखोलीच्या दारात शेकलं होतं. जुनी युद्धनौका, आता संग्रहालय झालेली. डागडुजी अर्धीच झाली होती आणि ओल्या रंगाला हात लावू नका, असं दर दहा पावलांवर लिहिलेलं होतं. पण आईनं हट्टच धरला होता. तिच्या नवऱ्यानं उमेदीची अकरा वर्षं याच जहाजाच्या भटारखान्यात काढली होती. तो जाऊन वर्ष होत आलं होतं. जिथं तो राबला ती जागा तिला एकदा डोळ्यांनी बघायची होती.

"आई, सापडलं!" मुलगा एकदम म्हणाला. "बाबा दारातून आत कसे यायचे, आठवतं ना? आधी पाय उचलायचे, मग मान खाली. हे बघ."

तो बाहेर गेला आणि पुन्हा आत आला. दाराला खाली गुडघ्याच्या जरा खालपर्यंत लोखंडी पट्टी होती, पाणी आत येऊ नये म्हणून. त्यानं पाय उचलून ती ओलांडली आणि डोकं वाचवायला मान वाकवली. हुबेहूब बाप.

"बघितलंस? आणि तू आम्हाला काय सांगायचीस!"

आईचा चेहरा उतरला.

नवरा तिला मागणी घालायला आला होता, तेव्हा ती नाही म्हणणार होती. तिच्याहून वीतभर बुटका माणूस. मैत्रिणी खिडकीशी खिदळत होत्या. तिच्या घराचं दार चांगलं उंच होतं. तरी आत येताना त्यानं पाय उचलला आणि मान वाकवली, जणू आत कुणी फार मोठं माणूस बसलंय. आत फक्त तिची अंथरुणाला खिळलेली आजी होती, जिच्याकडे घरातलेसुद्धा फिरकत नसत. त्या एका वाकण्यावर ती हो म्हणाली. पुढं चाळीस वर्षं तिनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना, नणंदांना, पोटच्या पोराला एकच सांगितलं, हे माणसातल्या देवाला नमस्कार करून आत येतात. लोक हसायचे. तिनं कधी मनावर घेतलं नाही.

"म्हणजे सवय होती," ती म्हणाली. "नुसती सवय."

"अगं, मग त्यात वाईट काय? कपाळमोक्ष टाळायचा तर वाकायलाच हवं."

"वाईट काही नाही रे." तिनं रुमाल कपाळावर दाबून धरला. "मीच आपला उगाच देव मध्ये आणला. चाळीस वर्षं."

मुलाचं हसू विरलं. बोललो ते परत गिळता आलं असतं तर बरं, असं त्याला झालं.

रंगाऱ्याची खरवडणी थांबली. चौकटीवरचे रंगाचे सात थर त्यानं सकाळपासून काढले होते. पांढऱ्याखाली करडा, करड्याखाली हिरवा. हातातलं पातं खाली ठेवत त्यानं विचारलं, "या बोटीवर कोण होतं तुमचं?"

"आमचे हे. आचाऱ्याच्या हाताखाली. इथं पातेली घेऊन यायचे, म्हणायचे."

"टिंगू?" तो ओरडलाच, आणि लगेच जीभ चावली. "माफ करा हं, वहिनी. मी इथं खलाशी होतो तेव्हा. सगळे त्याला तशीच हाक मारायचो."

"मारा की. रागावले की मीपण तीच मारायची."

रंगारी गुडघ्यावर हात टेकून उठला. दारात उभा राहिला आणि चौकटीच्या वरच्या कडेखाली त्यानं तळहात आडवा धरला.

"हे बघा. त्याचं डोकं इथं यायचं. वर चार बोटं मोकळी. बोटीवर आम्ही दीडशे जण. या चौकटीनं झाडून सगळ्यांच्या कपाळाला प्रसाद दिलाय, कप्तानालासुद्धा. एकट्या टिंगूला नाही. तो ताठ चालत गेला असता तरी केसाला धक्का लागला नसता. आणि वाकायचा कोण? तोच! दिवसातून तीनदा, हातात वाफाळतं पातेलं घेऊन. आम्ही टेबलावरून ओरडायचो, 'ए टिंग्या, छत काय तुझ्यावर पडतंय का?'"

"मग?" मुलानं विचारलं.

"मग काय! म्हणायचा, 'आत देव जेवायला बसलेत, ताठ मानेनं कसा येऊ?' आणि देव कसले, तर दोन-दोन दिवस अंघोळ नसलेले, भुकेनं त्यालाच शिव्या घालणारे. आम्ही हसून लोळायचो. पण खरं सांगतो वहिनी, तो आत आला की शिव्या बंद व्हायच्या."

मुलगा त्या चार बोटांच्या फटीकडे बघत राहिला. आईनं रुमाल कपाळावरून डोळ्यांवर नेला. मग, जणू हिशेब चुकू नये म्हणून, तिनं हळूच विचारलं, "आणि पाय?"

"पाय आम्ही सगळेच उचलायचो, नाहीतर तोंडावर आपटलो असतो. पाय उचलायला बोटीनं शिकवलं, वहिनी. मान तो घरूनच वाकवून आला होता."