उजवीकडं

निजामाच्या जमादाराच्या सायकलचं पायडल नुसतंच गरगर फिरत होतं, म्हणून मिस्त्री फकरुद्दीन बिघडलेलं फ्रीव्हील काढायला घाम गाळत होता. "जल्दी कर! येडशी टेसन दोन कोस हाय. तो तिरंगेवाला मास्तर बार्शीच्या गाडीत बसला, तर हद्दीबाहेर गेलाच समज!" जमादार खेकसला. चहा घेऊन आलेली फकरुद्दीनची बायको ताहेराबी दारातच थबकली. फ्रीव्हील शिकंज्यात धरून चाक डावीकडं पिळलं की सुटतं, उजवीकडं पिळलं की आणखी आवळतं, हे बघून बघून तिला पाठ होतं. आज तो उजवीकडं पिळत होता. "अजी..." तिच्या तोंडून निघालं. फकरुद्दीननं रोखून तिच्याकडं पाहिलं. हात थांबले नाहीत. "तू पण हात लाव गं!" जमादार गरजला. ताहेराबीनं चहा खाली ठेवला, पदर खोचला, चाक धरलं आणि अंगातला सगळा जोर उजवीकडं लावला.