खिशातला फ्यूज

"भाडं पाच तारखेच्या आत द्यायचं ठरलंय, आज बारा झाली," जिन्यातूनच घरमालक व्यंकटराव म्हणाले.

"काका, लाइट बिलानंच पगाराला भोक पडतंय," खाली भाड्यानं राहणारी दैवशाला म्हणाली. ती वाळूजच्या कंपनीतून नुकतीच आली होती. "घरात एक पंखा अन् दोन बल्ब. तरी बिल एवढं कसं येतं, कळंना."

"मग लाइट वापरूच नको." काकांनी जिन्याखालच्या तिच्या मीटरचा फ्यूज काढला, खिशात टाकला आणि वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तब्बल नऊ दिवसांनी, नळाला पाणी आलं. दुष्काळाचं साल, पाणी जेमतेम पाऊण तास राहणार. गल्लीत घरोघरी मोटरी घरघरू लागल्या. काकांनीही वरून बटण दाबलं. एरवी बोअरचं पाणीही रोज तास-तास ओढणारी त्यांची मोटर ढिम्म. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखे ते पायांचा आवाज न करता खाली आले आणि खिशातला फ्यूज तिच्या मीटरला बसवला.

वर काकांची मोटर सुरू झाली.

नळाखाली हंडा लावून बसलेली दैवशाला सगळं बघत होती. ती सावकाश उठली.



"तीन वर्षांची बिलं जपून ठेवलीत मी, काका. भाडं त्यातनं वळतं करून घ्या, अन् राहिलेले पैसे पाच तारखेच्या आत द्या."