पायगतीला उभं मरण

“उशाशी नाही हं, पायगतीला उभे राहा,” यार्मिला तिसऱ्यांदा बजावत होती.

“अहो बाई, महिनाभर दुसरं करतोय काय मी?” वेंडेलीन वैतागला. अंगात काळा झगा, चेहऱ्याला पांढरा रंग, हातात लांब दांड्याचा कोयता. प्रागहून गावात आलेल्या सिनेमावाल्यांनी या विनोदी नटाला मरण केलं होतं. सिनेमा त्या जुन्या गोष्टीवरचा होता. मरण पायगतीला उभं राहिलं की रोगी वाचतो, उशाशी उभं राहिलं की आटोपलं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

यार्मिलाची आई आपोलेना नऊ दिवस अन्नाला शिवली नव्हती. पोटातल्या दुखण्यानं तिला वर्षभर पिळून काढलं होतं. खाल्लं तर अजून काही महिने काढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. यार्मिलाला आईवाचून जगात कुणी नव्हतं. रडून झालं, पाया पडून झालं, पाद्री येऊन गेले. शेवटी लाजलज्जा सोडून तिनं जेवणाच्या सुट्टीत गुत्त्यात बसलेल्या या मरणालाच हाताला धरून ओढत आणलं.

“त्यांनी ओळखलं तर?”

“मोतीबिंदू आहे तिला. फक्त तोंड उघडू नका. बिअरचा भपकारा येतोय.”

वेंडेलीन पायगतीला जाऊन उभा राहिला. लोकांना हसवण्यात त्याचा जन्म गेला होता, पण इथं त्यानं तोंड घट्ट मिटून कोयता सरळ धरला.

म्हातारीनं डोळे उघडले. बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग कोपरावर भार देऊन चक्क उठून बसली.

“उठली! अगं बाई, आई उठली!” यार्मिलाला हुंदका फुटला. “थांब हं, सूप आणते, गरमच आहे!” ती चुलीकडे धावली.

म्हातारीनं उशी ओढून घेतली. कण्हत, दात-ओठ खात, वीत वीत सरकत ती पलंगावर पुरती उलटी फिरली. वेंडेलीनच्या पुढ्यात उशी ठेवून तिनं त्यावर डोकं टेकलं. यार्मिला सुपाचा वाडगा घेऊन दारातच थिजली.

“चुकून भलत्याच टोकाला उभा राहिलास रे बाबा,” म्हातारी मायेनं म्हणाली. “असू दे. आता मात्र हलू नकोस.”